निळ्या मक्याचं पीठ: आठ महिने भाकऱ्या थापल्यावर

न्यू मेक्सिकोत राहायला आल्यावर जवळपास ज्वारीचं पीठ मिळेना, म्हणून निळ्या मक्याचं पीठ आणलं. आठ महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा तरी त्याच्या भाकऱ्या होतात.

पहिली पिशवी वाया जाता जाता राहिली. ते आटोले नावाच्या पेजेचं, म्हणजे भाजलेल्या मक्याचं पीठ निघालं. भाकरी थापताना कडा फुटायच्या, उचलली की तुकडे. दुधात शिजवून त्याची पेज मात्र फार छान झाली. भाकरीला न भाजलेलं, बारीक दळलेलं पीठच घ्या आणि उकड काढूनच मळा. टॉर्टियाचं, म्हणजे मेक्सिकन पोळीचं पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं. ते थापायला सोपं, पण चुन्याचा वास येतो आणि शिजवण्यात बराच रंग जातो. अर्थात त्या चुन्यामुळेच मक्यातलं अडकलेलं नायसिन हे ब-जीवनसत्त्व अंगी लागतं, त्यामुळे रोज मकाच खाणाऱ्यांना तेच पीठ चांगलं.

मला मोह रंगाचा. जांभळाला रंग देणारी अँथोसायनिनं इथेही आहेत. ती दाण्याच्या सालीखालच्या जेमतेम एका पेशीच्या थरात असतात, आतला स्टार्च पांढराच. म्हणून पीठ राखाडी-निळसर दिसतं. पहिले दोन महिने मी सवयीने पीठ चाळत होते आणि भाकरी फिकी का होते ते कळत नव्हतं. एकदा चाळणीत उरलेला कोंडा नीट पाहिला, तर निळा रंग तिथेच जास्त! तेव्हापासून चाळणं बंद.

ताकात भिजवून धिरडी केली तर पीठ जांभळट-गुलाबी होतं, चिमूटभर सोडा घातला की हिरवट निळं. आंबट लागलं की तांबूस, खार लागला की निळं, असा या रंगाचा स्वभावच आहे. शेजारच्या ॲरिझोनातल्या होपी या मूळ अमेरिकन जमातीच्या बायका तापल्या दगडावर पिकी करतात, आपल्या मांड्याहूनही पातळ. तिच्या पिठात त्या झुडपांची राख घालतात ती याचसाठी. हे कळल्यावर त्या बायकांच्या हाताचं मला फार कौतुक वाटलं.

आता अँटिऑक्सिडंटचं. पिशवीवर तो शब्द मोठ्या अक्षरांत आहे, आणि अँथोसायनिनं परीक्षानळीत खरंच जोरदार काम करतात. पण खाल्लेल्यातली फार थोडी जशीच्या तशी रक्तात पोचतात. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "औषध आहे का गं ते?" मी सांगितलं, "नाही आई, भाकरीच आहे." शिवाय आपला पिवळा मकाही कमी नाही. त्याच्या रंगातली ल्युटीन आणि झियाझँथिन डोळ्यांच्या पडद्यात साठतात.

एक त्रास आहे. अख्ख्या दाण्याचं पीठ असल्याने अंकुरातलं तेल खवट होतं. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेली अर्धी पिशवी टाकावी लागली, आता फ्रिजमध्येच ठेवते. किंमत पिवळ्यापेक्षा जास्त पडते, तरी मी पुन्हा घेणार. चव खमंग, किंचित गोडसर. पिठल्याबरोबर तर एकदा खाऊन बघाच.