ओला एस१ : गाडीला चार गुण, काउंटरला दोन

ओलाच्या एस१ या इलेक्ट्रिक स्कूटर मालिकेबद्दल वाचायला गेलं की पिकअप, टचस्क्रीन आणि डिकीत किती सामान मावतं, यावरच चर्चा आढळते. गाडी म्हणून तिला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. पण सोलापुरातल्या गिऱ्हाइकाला त्याआधी दुसरंच काही तपासावं लागतं. पैसे भरल्यावर पासिंग वेळेत होईल का? दोन वर्षांनी ब्रेक लिव्हर किंवा डिस्प्ले बदलायचा झाला तर ते काउंटर उघडं असेल का? नाहीतर पुढचा मोठा पर्याय पुण्याचा, अडीचशे किलोमीटरवर. म्हणून इथे विक्री आणि सेवेचीच तपासणी केली आहे.

२०२१ मध्ये ४९९ रुपयांत बुकिंग घेऊन कंपनी दुचाकीच्या बाजारात उतरली तेव्हा डीलर नकोच, हा तिचा बाणा होता. मोबाइलवर पैसे भरा, गाडी दारात. डीलरचं मार्जिन वाचतं हे खरं, पण त्या मार्जिनच्या बदल्यात तो बरंच काही अंगावर घेत असतो. तो गाडी रोखीने किंवा बँकेच्या कर्जावर उचलतो, त्यामुळे माल कारखान्यातून निघाला की कंपनीचे पैसे मोकळे होतात. वर्कशॉपचं भाडं, मेकॅनिकचा पगार, पार्टचा साठा, आरटीओतली धावपळ हे सगळं त्याचंच. डीलर काढला की हा बोजा कंपनीच्या वहीत येऊन बसतो. मग ऑनलाइनच्या जोडीला स्वतःची एक्सपिरियन्स सेंटर आली आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी कंपनीने दुकानांची संख्या एकदम ४,००० वर नेल्याचं जाहीर केलं. दुकानं अशी एका फटक्यात वाढवता येतात, हात बसलेले मेकॅनिक नाही.

आकडे बघा. २०२३-२४ चा तोटा १,५८४ कोटी रुपये, २०२४-२५ चा २,२७६ कोटी. ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ रुपयांना विकलेला शेअर २०२५ च्या मार्चमध्येच पन्नाशीच्या खाली गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. बहुतेक सर्व सोडवल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. वर अनुदानाचा टेकूही हलका होत गेला: मे २०२३ पर्यंत बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला १५,००० रुपये मिळायचे, मग १०,०००, एप्रिल २०२४ मध्ये ५,०००.

पैशाची ओढ गिऱ्हाइकापर्यंत कशी पोचते ते फेब्रुवारी २०२५ ने दाखवलं. त्या महिन्यात २५,००० गाड्या विकल्याचं कंपनीने सांगितलं, पण सरकारच्या वाहन नोंदणीच्या पोर्टलवर, म्हणजे 'वाहन'वर, नोंदी ९,००० च्याही आत. पासिंग आणि नंबर प्लेटचं काम करणाऱ्या एजन्सींशी करार नव्याने ठरवत असल्याने नोंदणी रखडली, असा खुलासा झाला. त्यातल्या एकीने थकबाकीसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं (एनसीएलटी) दार ठोठावलं, नंतर तडजोड झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात परिवहन विभागाने ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या विक्रीला ठेवण्याचा परवाना, नसलेल्या शोरूमवर कारवाई केली.

म्हणून सोलापुरात कुठल्याही कंपनी-शोरूममध्ये शिरलात की आधी ट्रेड सर्टिफिकेट मागा. हा फॉर्म १७. त्यावरचा पत्ता त्याच दुकानाचा हवा. पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या पत्त्याची झेरॉक्स दाखवली तर ती चालत नाही, कारण प्रत्येक जागेसाठी वेगळं सर्टिफिकेट लागतं. "वरून येतंय" असं उत्तर आलं तर बुकिंगची रक्कम खिशातच ठेवा.

दुसरं, पासिंग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नवी गाडी नोंदवण्याचा अर्ज डीलरनेच करायचा असतो आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नसते. "गाडी न्या हो, प्लेट आठवड्यात येईल" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. विना नंबर पकडलं तर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. शिवाय कर्जाचा हप्ता बँकेने पैसे सोडल्यापासून मोजला जातो, एमएच-१३ ची प्लेट बसल्यापासून नाही. त्यामुळे गाडी दुकानात आणि हप्ता चालू, असे दोन-तीन महिने अंगावर येऊ शकतात. उपाय साधा: कर्ज मंजूर करून ठेवा, पण रक्कम सोडण्याची संमती वाहन पोर्टलवर अर्ज क्रमांक पडल्यावरच द्या. तो क्रमांक घरी बसूनही तपासता येतो.

कागदांत टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला, आणि विमा: थर्ड पार्टी पाच वर्षांचा, स्वतःच्या नुकसानीचा किमान एका वर्षाचा. चारही कागदांवरचा चॅसी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. एका अक्षराचा फरक पडला तरी पासिंग अडकतं आणि दुरुस्तीचा कागद मुख्य कार्यालयातून यावा लागतो.

फॉर्म २१ वरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष नीट वाचा. विक्री मंदावलेल्या कंपनीच्या गोदामात गाड्या पडून राहतात आणि सोलापूरचा मे महिना लिथियम बॅटरीवर मेहेरबान नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी न चालवताही म्हातारी होते. अशा साठवणीत चार्ज निम्म्याच्या आसपास ठेवायला हवा. तीन महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर भाव पाडून मागा. टायरवरही पुरावा असतो: बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे, २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. गाडी "परवाच आली" म्हणणाऱ्याला तेवढंच बोट लावून दाखवा. मग गाडी सुरू करून स्क्रीन पाच मिनिटं चालू ठेवा, रिव्हर्स मोड, साइड स्टँड सेन्सर, दोन्ही ब्रेक लिव्हर दाबल्यावर मोटरचा करंट तुटतो का, हे पाहा आणि चार्जर तिथेच लावून चार्जिंग सुरू झाल्याची खात्री करा.

जुन्या बाजारात एस१ बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पहिल्या पिढीत पुढचा फोर्क एकाच बाजूचा होता आणि त्याच्या आर्मबद्दल तक्रारी आल्यावर मार्च २०२३ मध्ये कंपनीने तो मोफत बदलून देण्याची सोय केली. समोरची गाडी त्या पिढीतली असेल तर बदलल्याचं जॉब कार्ड मागा. दुसऱ्या पिढीपासून दोन्ही बाजूंनी टेलिस्कोपिक फोर्क आहे.

रेंजबद्दल थोडक्यात. कागदावरच्या आयडीसी, म्हणजे ठरावीक चाचणीतल्या, आकड्याचा दोन तृतीयांश धरायचा. दुसऱ्या पिढीच्या एस१ प्रोला १९५ दिले आहेत, म्हणजे प्रत्यक्षात १३० च्या आसपास. तुळजापूर जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. दोघं बसून, घाट चढून, साठच्या आत ठेवली तर होतं, हायवेवर ऐंशीने पळवली तर परतताना नजर टक्क्यांवरच राहील. छोट्या बॅटरीच्या एस१ एक्सने तो प्रवास मनातही आणू नये. घरी १६ अँपिअरचा पॉइंट आणि पक्कं अर्थिंग लागतं. पूर्व भागातल्या जुन्या घरांत आणि लूमच्या लाइनवर हेच दोन दोष सापडतात. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर मधेच तोडतो आणि लोक चार्जर खराब म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. आधी वायरमन बोलवा.

सेवेत कंपनीने एक पाऊल बरं टाकलं: २०२५ मध्ये मूळ पार्ट थेट गिऱ्हाइकांना आणि बाहेरच्या मेकॅनिकांना खुले करण्याची घोषणा केली. ब्रेक, बेअरिंग, प्लास्टिकचे भाग यांच्यासाठी हे उपयोगाचं. बॅटरी, मोटर कंट्रोलर, डिस्प्ले मात्र सॉफ्टवेअरशी जोडलेले असतात, तिथे चौकातला कारागीर हात लावू शकत नाही. बॅटरीची २०२४ मध्ये जाहीर झालेली ८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरची वॉरंटीही तेवढीच दमदार, जेवढी ती देणारी कंपनी.

अमेरिकेतल्या फिस्कर या इलेक्ट्रिक मोटार कंपनीचं उदाहरण यासाठीच पाहण्यासारखं आहे. २०२३ मध्ये १०,००० हून अधिक गाड्या बनवल्या, गिऱ्हाइकांपर्यंत निम्म्याही पोचल्या नाहीत. थेट विक्री सोडून जानेवारी २०२४ मध्ये डीलर शोधायला निघाले, मार्चमध्ये वरच्या मॉडेलची किंमत ६१,४९९ डॉलरवरून ३७,४९९ वर आणली, जूनमध्ये दिवाळखोरी. आधी पूर्ण भावाने घेणाऱ्यांच्या गाड्यांची पुनर्विक्री किंमत रातोरात कोसळली आणि उरलेल्या गाड्या एकगठ्ठा घेणाऱ्यालाही, त्या गाड्या ज्यावर अवलंबून होत्या त्या कंपनीच्या सर्व्हरचा प्रश्न वेगळा सोडवावा लागला. ओला त्या थराला गेलेली नाही. पण भावपाडीचा झटका इथेही बसला आहे: फेब्रुवारी २०२४ मध्ये काही मॉडेल २५,००० रुपयांपर्यंत उतरली. तेव्हा सणाच्या ऑफरला भुलून घाई नको, आणि तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर घेऊच नका.

घ्यावी कुणी? होटगी रोड ते चिंचोळी एमआयडीसी असा रोजचा ठरलेला फेरा, घरात दुसरी गाडी आणि अर्थिंगचा पक्का पॉइंट असेल त्याने. एकाच गाडीवर धंदा चालत असेल त्याने जुन्या जाणत्या डीलरकडची बजाजची चेतक किंवा टीव्हीएसची आयक्यूब बघावी. थोडे पैसे जास्त जातील, पण गाडी अडली की जाऊन उभं राहायला माणूस असतो.

घेतलीच, तर सर्व्हिसला टाकताना सही-शिक्क्याचं जॉब कार्ड घेतल्याशिवाय किल्ली किंवा पिन देऊ नका. त्यावर किलोमीटर, चार्जची टक्केवारी आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. ॲपवरचं तिकीट "सोडवलं" म्हणून बंद झालं तर त्याच दिवशी लेखी हरकत पाठवा. पंधरवडा उलटला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करा. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे: २०१९ च्या कायद्याप्रमाणे कंपनी बेंगळुरूची असली तरी गिऱ्हाईक राहतो तिथे दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही.