वॅगनआरला नाना पेठेत काय लावलं आणि काय मुद्दाम नाही लावलं

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम पेशंटच्या घरी जाऊन चालतं. गुडघा बदललेले आजोबा, पक्षाघातानंतर पुन्हा हात उचलायला शिकणाऱ्या काकू, ही माणसं दवाखान्यात येऊ शकत नाहीत. त्यामुळे पुण्यात सकाळी सदाशिव पेठ, दुपारी वारजे, संध्याकाळी धायरी असा दिवस जातो आणि त्यातला मोठा भाग गाडीत जातो. गाडी 2019 ची वॅगनआर, एक लिटर इंजिनची एलएक्सआय, सेकंडहँड घेतलेली. शहरासाठी मला हिच्याहून सोयीची गाडी माहीत नाही. उंच बसता येतं, दार मोठं उघडतं, डिकीत व्यायामाची चटई आणि मशीनची पेटी आडवीतिडवी न करता मावते. पण एलएक्सआय म्हणजे सगळ्यात खालचं मॉडेल. म्युझिक सिस्टिम नाही, दिवे मंद, हॉर्न दुबळा, आणि दार लावलं की पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज.

नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत. मी जिथे काम करून घेतलं ते दुकान बोळाच्या तोंडाशी आहे, एका वेळी एकच गाडी उभी राहील एवढंच. मालक साठीचे, मोजकं बोलणारे, आणि त्यांच्याकडे एक तरुण इलेक्ट्रिशियन. पहिल्याच भेटीत मी दोन अटी सांगितल्या. गाडीची मूळ वायर एकही कापायची नाही, आणि जे लावाल ते उद्या काढलं तर गाडी जशी होती तशी राहिली पाहिजे. मालक म्हणाले, "ताई, मग काम जरा महाग पडेल, पण बरोबर पडेल." मला हे उत्तर आवडलं. आधी दुसऱ्या एका दुकानात "कापून जोडू, टेप मारू, काही होत नाही" असं ऐकून मी परत आले होते. पावसाळ्यात अशाच टेप मारलेल्या सांध्यात ओल जाते, फ्यूज उडायला लागतात, आणि गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं.

सगळ्यात आधी दिवे. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी हेच आधी करायला सांगते. वॅगनआरला एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब असतो, अपर (लांबचा झोत) 60 वॅट आणि डिपर (जवळचा झोत) 55 वॅट. बल्ब मुळात वाईट नसतो. त्याच्यापर्यंत वीज पुरी पोचत नाही, ही खरी अडचण. इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून मीटर लावून दाखवलं: बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या कपलरवर, म्हणजे बल्ब जिथे खोचतात त्या जोडणीवर, 12.6. बारीक, लांब वायर आणि मधले स्विच यांत एवढं गळतं. हॅलोजनच्या बाबतीत व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड साधारण 30 टक्क्यांनी घटतो. म्हणजे माझ्या दिव्यांचा जवळपास पाव उजेड वायरिंगमध्येच अडकून पडला होता.

यावरचा उपाय म्हणजे रिलेचं वायरिंग किट. बल्बला थेट बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. गाडीची मूळ वायर फक्त रिलेला चालू-बंद करण्याचा इशारा देते. मूळ कपलर किटमध्ये नुसता खोचायचा, कापाकापी नाही. किट आणि 60/55 वॅटचेच जरा चांगल्या प्रतीचे बल्ब मिळून 2,300 रुपये झाले. काम झाल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून डिपरची रेघ खाली आणून घेतली. हे बहुतेक जण विसरतात, आणि मग चांगला दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. धायरीच्या आतल्या रस्त्यांवर कडेचा खड्डा आता वेळेत दिसतो. पावसातला फरक तर पहिल्याच संध्याकाळी जाणवला.

दुकानात टांगलेले पांढरेशुभ्र एलईडी बल्ब मी घेतले नाहीत, आणि तुम्हीही घेऊ नका. हॅलोजनच्या दिव्यातला आरसा त्या बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेभोवती आखलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा एलईडी बसवला की उजेड विखुरतो; जवळचा रस्ता लख्ख दिसतो, लांबचा दिसत नाही, आणि समोरचा माणूस आंधळा होतो. माझ्या पेशंटमध्ये मोतीबिंदू असलेली कितीतरी माणसं आहेत. मोतीबिंदूत समोरचा झगझगीत दिवा डोळ्यांत पसरतो आणि पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. रात्री रस्ता ओलांडायची भीती वाटते, ही तक्रार मी त्यांच्याकडून सतत ऐकते. 100/90 वॅटचे बल्बही तसेच टाळा. 60 वॅटच्या दोन बल्बांना 10 अँपिअर लागतात, 100 वॅटच्या दोघांना सोळाच्या वर. मूळ वायरिंग आणि स्विच तापून वितळतात.

हॉर्नचं थोडक्यात. मूळचा एकेरी चपटा हॉर्न काढून शंखाच्या आकाराची, एक जाड आणि एक बारीक सुराची जोडी लावली, रिलेसकट 1,150 रुपये. आवाज भारदस्त पण कर्कश नाही, त्यामुळे एकदाच हळूच वाजवलं तरी पुरतं. प्रेशर हॉर्न आणि सुरावट वाजवणारे हॉर्न नियमाने बंद आहेत, शिवाय हॉस्पिटलच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. माझं अर्धं काम हॉस्पिटलांच्या आसपास, तिथे मी हॉर्नला हात लावत नाही.

आता माझ्या विषयातलं. ॲक्सेसरीजच्या दुकानात सगळ्यात जास्त पैसे सीटवर जातात आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच होतं. कंबरेला आधार म्हणून मिळणाऱ्या मेमरी फोमच्या जाड उशा पाहा. कंबरेला हवा असतो तो पट्ट्याच्या उंचीवर, मुठीएवढ्या जाडीचा हलका आधार. ती जाड उशी पूर्ण पाठच पुढे ढकलते. मग छाती स्टीअरिंगच्या जवळ जाते आणि खांदे वर चढतात. छातीचं हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत कमीत कमी 25 सेंटीमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग तिथूनच फुटते. मी पेशंटना सांगते तेच स्वतः करते: छोटा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, दोन रबरबँड लावायचे, कंबरेच्या खोबणीत ठेवायचा. खर्च शून्य. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, आणि पाठ टेकवून हात लांब केला तर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पडावं. सीट एवढी जुळवली की निम्म्या कंबरदुखीला औषध लागत नाही.

चामड्यासारखे दिसणारे रेक्झिनचे सीट कव्हर मालकांनी दाखवले, ते मी नको म्हटलं आणि कापडी घेण्याचंही पुढे ढकललं. उन्हात उभ्या गाडीत ते रेक्झिन भाजतं आणि ब्रेक मारला की अंग सरकतं. नव्या गाड्यांत तर आणखी एक गोष्ट बघायला हवी. सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर साधं पूर्ण कव्हर घालूच नका, बाजूची एअरबॅग त्याखाली अडकते. आर्मरेस्टही नको. बाहेरून बसवलेल्या आर्मरेस्टवर गिअर बदलताना कोपर आपटतं, हँडब्रेक ओढताना हात वाकडा होतो, आणि पेठेतल्या रस्त्यांवर दर मिनिटाला गिअर बदलावा लागतो.

स्टीअरिंग कव्हर मात्र घेतलं, सुईदोऱ्याने शिवून बसवायचं, 450 रुपयांचं. मूळ चाक बारीक आणि गुळगुळीत आहे. पकड जरा जाड झाली की बोटांना आवळायला कमी जोर लागतो. ज्यांची बोटं सकाळी आखडतात त्यांनी हे नक्की करावं. सहज सरकवून बसवायची रबरी कव्हरं वळणावर फिरतात, त्यांना हात लावू नका.

पायमॅटमध्ये मी साधे रबरी, कडा उचललेले घेतले. 1,100 रुपये. सेव्हन-डी म्हणून विकले जाणारे जाड गादीचे मॅट पेडलखाली फुगतात, आणि मूळ मॅटवर दुसरा मॅट टाकणं तर धोक्याचंच. 2009 मध्ये अमेरिकेत टोयोटाला लाखो गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला, तो मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकण्याच्या भीतीनेच.

दारांच्या आवाजासाठी डॅम्पिंग शीट लावली. ही ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली ब्युटाइल रबराची जड शीट असते. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवतात, म्हणजे पत्रा थरथरत नाही. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतं. दुकानात पूर्ण गाडीचं पॅकेज आग्रहाने सांगतात. मी फक्त पुढची दोन दारं केली, 3,200 रुपये. काम चालू असताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा: दाराच्या तळाची पाणी निघून जायची भोकं बुजता कामा नयेत, आणि आतलं प्लास्टिकचं आवरण परत नीट चिकटवलं पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. मी तिथेच उभी राहिले आणि त्या मुलाने मला भोकं टॉर्चने दाखवली. दार आता घट्ट, जाड आवाजाने लागतं. टायरचा घरघराट यातून जात नाही, हे आधीच समजून असा.

त्याच वेळी दारं उघडलेली असल्याने स्पीकरही बसवून घेतले. ब्लूटूथवाला साधा सिंगल-डिन (एका पट्टीच्या उंचीचा) स्टीरिओ आणि पुढे साडेसहा इंची कोॲक्सियल (जाड-बारीक दोन्ही सूर एकाच स्पीकरमधून देणाऱ्या) स्पीकरची जोडी, एकूण 5,900. अँप्लिफायर नाही, वूफर नाही. डॅम्पिंग केलेल्या दारात साध्या स्पीकरचाही आवाज भरीव येतो, त्यामुळे ही दोन कामं एकत्रच करावीत. मजुरीही एकदाच पडते. दोन पेशंटच्या मध्ये भीमसेन जोशींचा एखादा अभंग पूर्ण ऐकून होतो, यासाठी मी आणखी पैसेही आनंदाने दिले असते.

1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे माझ्या गाडीत ते आहेत. पण सेन्सरला वाड्याच्या दारातला बुटका दगड किंवा उघडं गटार कळत नाही. म्हणून मागे कॅमेरा आणि आरशातच दिसणारा छोटा पडदा घेतला, 2,600 रुपये. पावसाळ्यात कॅमेऱ्याची काच रोज पुसावी लागते. चित्र रात्री दाणेदार येतं. पूर्ण यादीत मला सगळ्यात कमी समाधान या वस्तूचं आहे. बाहेरच्या आरशांवर चिकटवायचे गोल बहिर्वक्र आरसे 150 रुपयांत मिळाले आणि त्यांचा उपयोग कॅमेऱ्याहून जास्त होतो. डाव्या अंगाने घुसणारी दुचाकी त्यात आधी दिसते.

बंपरसमोरचा लोखंडी गार्ड मालकांनी विचारलाही नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. केंद्राने 2017 च्या डिसेंबरमध्ये तो बेकायदा म्हणून कारवाईचे आदेश दिले. टक्कर झाली तर बंपरने चेपून घ्यायचा धक्का तो थेट सांगाड्यात नेतो, आणि पायी चालणाऱ्याचं हाड मोडतो ते वेगळं. मोडलेल्या मांडीच्या हाडानंतर माणसाला पुन्हा चालायला शिकवणं काय असतं ते मी रोज पाहते. काचेवरच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये बंदी घातली, मी काचांना हातच लावला नाही.

टायर वेगळ्या दुकानातून घेतले, कारण जुने गोटा झाले होते. माझ्या मॉडेलला 155/80 आर-13 येतात, म्हणजे 155 मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 13 इंची. याच गाडीच्या 1.2 लिटर मॉडेलला कंपनी 165/70 आर-14 देते. चाकाचा पूर्ण व्यास काढला तर पहिला 578 मिलिमीटर, दुसरा 587, म्हणजे फरक दीड टक्का. स्पीडोमीटर जवळजवळ तेवढंच दाखवतं, म्हणून मी तेच घेतले. टायरवाल्याने 165/80 आर-14 सुचवले होते, "गाडी उंच दिसेल" म्हणून. त्यांचा व्यास 620 पर्यंत जातो, सात टक्के जास्त. पिकअप मरतो आणि वळताना टायर आत घासण्याची शक्यता राहते. अलॉयही नको म्हटलं. खड्ड्यात स्टीलची रिम वाकते, ती ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला की ती टाकूनच द्यावी लागते. 14 इंची स्टील रिम चांगल्या स्थितीतल्या जुन्या मिळाल्या.

नाना पेठेतलं सगळं मिळून 16,850 रुपये, प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेलं बिल, आणि काढलेले बल्ब व हॉर्न पिशवीत घालून परत. बिल जपून ठेवा, स्टीरिओसारखी वस्तू विमा कंपनीला कळवली नसेल तर चोरीनंतर तिचे पैसे मिळत नाहीत. दुकानात रविवारी गर्दी असते. आठवड्यातल्या दुपारी गेलात तर इलेक्ट्रिशियन घाई करत नाही. ज्यांच्या हातात आत्ता पाच हजारच आहेत त्यांनी दिवे, हॉर्न आणि गोल आरसे एवढं उरकावं, दारं पुढच्या वर्षी. रिम बदलल्या असतील तर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्या, आणि स्टेपनी अजून 13 इंचीच आहे हे लक्षात ठेवून ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंतच चालवा.