टिपांसकट 'बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र': घ्यायचं तर आठ धर्मगुरूंचं निवेदन असलेलीच आवृत्ती घ्या

५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापलाय तो छपाईसाठी आणि संपादनातल्या एकदोन उणिवांसाठी, पत्राच्या मजकुराला बोट लावायला जागा नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे पत्र नेटवर फुकटात वाचायला मिळतं, मग ३०० रुपयांच्या आसपास टाकून पातळशी इंग्रजी पुस्तिका कशाला घ्यायची असं कुणीही विचारेल. माझं उत्तर एकच. ह्या आवृत्तीत पत्राच्या आधी त्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन पूर्ण छापलंय, ज्याला किंगनी हे उत्तर दिलं. बहुतेक ठिकाणी नुसतं उत्तर असतं, प्रश्न नसतोच. आधी ते निवेदन वाचलं की मग पत्रातलं एकेक वाक्य कुणाला उद्देशून आहे आणि कुठल्या आरोपावर बसतंय ते दिसायला लागतं.

आमच्याकडे पाण्यासाठी, रस्त्यासाठी नगरपालिकेला नाहीतर तहसीलला निवेदनं द्यायची वेळ सारखी येते आणि ती लिहायचं काम बहुतेक माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे मी हे वाचलं ते निवेदन लिहिणाऱ्याच्या नजरेनेच.

थोडं मागचं सांगते म्हणजे कळेल. १९६३ चा एप्रिल, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर. काळ्या माणसाने दुकानात पैसे खर्च करायचे पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसायचं नाही, पाण्याचे नळ वेगळे, संडास वेगळे, कपडे घालून बघायच्या खोल्यासुद्धा वेगळ्या. शहरात काळ्यांच्या वस्तीत इतके बॉम्ब फुटायचे की लोक गावाला 'बॉम्बिंगहॅम' म्हणायचे. तिथले पाद्री फ्रेड शटल्सवर्थ, ज्यांचं घर १९५६ च्या नाताळच्या दिवशी बॉम्बने उडवलं होतं आणि तरी माणूस हटला नाही, त्यांच्या संघटनेने किंगना बोलावून घेतलं. ईस्टर तोंडावर होता, खरेदीचा मोठा सीझन, म्हणून दुकानांवर बहिष्कार, काउंटरवर जाऊन बसणं, मोर्चे. कोर्टाने मनाईहुकूम काढला, किंगनी तो उघडपणे मोडला आणि १२ एप्रिलला, गुड फ्रायडेलाच, त्यांना अटक झाली, एकट्याला कोठडीत टाकलं. त्याच तारखेचं हे धर्मगुरूंचं निवेदन आहे.

आता ते निवेदन कसंय, तर अतिशय सभ्य. सात ख्रिस्ती आणि एक ज्यू धर्मगुरू. शिवी नाही, धमकी नाही, किंगचं तर नावसुद्धा नाही, नुसतं 'बाहेरचे लोक' येऊन हे करतायत एवढंच. म्हणे ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत, वेळेला धरून नाहीत, कोर्टात जा, बोलणी करा, आणि वर पोलिसांनी शांतपणे परिस्थिती हाताळली म्हणून त्यांचं कौतुक. मला हे वाचताना अंगावर काटा आला कारण ही भाषा आपल्याला पाठ आहे, 'मागणी रास्त आहे पण मार्ग चुकला' हे वाक्य आपण किती साहेबांच्या, किती पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय!

आणि किंग उत्तर देतात ते कसं, 'माझ्या प्रिय धर्मबंधूंनो' अशी सुरुवात करून. मग एकेक मुद्दा हातात घेतात. बाहेरचा म्हणता? मला इथल्या संघटनेने बोलावलंय, शिवाय अन्याय आहे म्हणून आलोय, संत पॉलही धर्माचा संदेश घेऊन गाव सोडून गेलाच होता. (समोर धर्मगुरू आहेत म्हणून दाखला पॉलचा, हे लक्षात घ्या, ज्याला पटवायचंय त्याच्याच घरातला पुरावा.) बोलणी करा म्हणता? केली होती, दुकानदारांनी अपमानकारक पाट्या काढायचं वचन दिलं होतं, थोड्या पाट्या निघाल्या आणि परत लागल्या. वेळ चुकली म्हणता? महापौराची निवडणूक होईपर्यंत आम्हीच आंदोलन पुढे ढकललं होतं, आणि निवडून आलेले बाउटवेल हे पोलीस खातं हातात असलेल्या बुल कॉनरपेक्षा सौम्य असले तरी काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याच्या बाजूचेच आहेत. कुठेही आवाज चढवलेला नाही पण समोरच्याला पळायला जागाही ठेवलेली नाही.

मग 'थांबा' ह्या सल्ल्याला उत्तर देताना ते एक वाक्य येतं, इंग्रजीत ३०० हून जास्त शब्दांचं, एकच वाक्य, अर्धविरामांवर अर्धविराम. जमावाने मारलेले आईबाप, मोटेलात खोली मिळत नाही म्हणून गाडीत आखडून काढलेल्या रात्री, सहा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर फनटाउन ह्या करमणुकीच्या पार्कची जाहिरात बघितलेली आणि काळ्या मुलांना तिथे प्रवेश नाही हे तिला सांगताना बापाची अडखळणारी जीभ, पाच वर्षांचा मुलगा विचारतो गोरे लोक आपल्याशी इतके वाईट का वागतात, बायकोला आणि आईला कधी 'मिसेस' म्हणून मान नाही. वाक्य संपतच नाही, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला थांबू देत नाही, आणि ज्यांनी थांबा म्हटलं त्यांनाच किंग इथे थांबायला लावतात. मोठ्याने वाचा म्हणजे कळेल. मी वाचलं आणि शेवटाकडे आवाज फुटेना.

टिपा चांगल्या आहेत. सॉक्रेटिस, ऑगस्टीन, अक्वायनस, बूबर अशी विचारवंतांची नावं सलग येतात, प्रत्येकावर दोन-तीन ओळी दिल्यात, पुरतात. अन्याय्य कायदा मोडायचा तर उघडपणे, प्रेमाने, आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून मोडायचा, ह्या भागावर तर पान भरून टीप आहे. तिथेच अहिंसक लढ्याच्या चार पायऱ्या सोप्या करून सांगितल्यात: आधी खरी माहिती गोळा करणं, मग बोलणी, मग स्वतःची तयारी, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष कृती. ती तिसरी पायरी आपल्याकडे सगळे गाळतात. बर्मिंगहॅममध्ये शिबिरं घ्यायचे, मार खाल्ला तरी हात उचलणार नाही ना, तुरुंग सोसशील ना, असं स्वतःला विचारायला लावायचे, लेखी प्रतिज्ञा घ्यायचे. गांधींचा उल्लेख प्रस्तावनेत आहे, पण १९५९ मध्ये किंग पतीपत्नी महिनाभर भारतात होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजी राहायचे त्याच घरात मुक्कामाला राहिले हे नाही. भारतात विकायच्या पुस्तकात ते यायला हवं होतं.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे हा पत्राचा कुठला पाठ, म्हणजे कुठल्या वेळचा मजकूर, आहे ते नीट सांगितलेलं नाही. किंगनी पुढच्या वर्षी स्वतःच्या पुस्तकात पत्र घेतलं तेव्हा त्यावर हात फिरवला होता, त्यामुळे दोन पाठांत शब्दांचा फरक पडतो आणि मुलं वक्तृत्वाला उतारे पाठ करतात तेव्हा गोंधळ होतो. आणि टिपांचा टाइप मुंगीएवढा, कागद पिवळट, चष्मा लावूनही त्रास होतो.

मागच्या बाजूला कालक्रम दिलाय तो मात्र प्रामाणिक आहे, म्हणजे पत्राने चमत्कार झाला असं कुठेही म्हटलेलं नाही. वर्तमानपत्राच्या कडेला सुरू केलेलं, मग तुरुंगातल्या एका काळ्या कैद्याने दिलेल्या कपट्यांवर, शेवटी वकिलांच्या पॅडवर संपवलेलं हे पत्र १६ एप्रिलच्या तारखेचं, पण लोकांच्या हातात पडलं ते मे महिन्यापासून पुढे, क्वेकर ह्या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने पुस्तिका छापली तेव्हा. त्याआधी रस्त्यावर शाळकरी पोरं उतरली होती, २ मेला हजाराच्या वर, दुसऱ्या दिवशी कॉनरने त्यांच्यावर कुत्रे आणि आगीच्या बंबाचे फवारे सोडले, ते फोटो जगभर गेले, आणि १० मेला दुकानदारांशी समझोता जाहीर झाला. सप्टेंबरात सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. असा भेदभाव बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा झाला १९६४ च्या जुलैत. लेखणी आणि रस्ता दोन्ही लागले, एकट्या पत्राला श्रेय देणाऱ्यांनी हा कालक्रम वाचावा.

कुणी घ्यावं? नववीच्या पुढच्या मुलांच्या शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, आणि ज्यांना अर्ज-निवेदनं लिहावी लागतात त्यांनी तर नक्की. ई-बुक घेऊ नका, त्यात टिपा सगळ्या शेवटी ढकलल्यात आणि मागेपुढे करताना धागा तुटतो. ऑर्डर करायच्या आधी अनुक्रमणिकेचा फोटो बघा, धर्मगुरूंचं निवेदन त्यात नसेल तर पैसे घालू नका. आमच्या गटासाठी मी आणखी पाच प्रती मागवल्यात, पुढच्या निवेदनाच्या आधी सगळ्यांनी ते आठ जणांचं पान आणि 'थांबा'चं उत्तर एवढं तरी वाचायचं असं ठरलंय.