ट्विन ब्लॉक आणि हर्बस्ट : काही महिन्यांच्या वापरानंतर

वाढीच्या वयात खालचा जबडा मागे राहिला असेल तर सहसा ट्विन ब्लॉक किंवा हर्बस्ट यांपैकी एक अप्लायन्स, म्हणजे दातांवर बसवायचं उपकरण, सुचवतात. काम एकच, खालचा जबडा पुढे धरून ठेवणं. ट्विन ब्लॉक काढता येतो, हर्बस्ट दाढांवर सिमेंटने पक्का बसवतात.

ट्विन ब्लॉकच्या वरच्या-खालच्या प्लेटवर ॲक्रिलिकचे ठोकळे असतात. त्यांचे साधारण 70 अंशांचे उतार एकमेकांवर टेकले की तोंड मिटताना जबडा पुढेच येतो. सुरुवातीला बोलणं बोबडं, लाळ जास्त आणि जेवण लांबलेलं. याच काळात 'जेवताना काढून ठेवू' ही सवय लागली की बहुतेकदा पुढचं सगळं बिघडतं, कारण घास चावतानाचा दाबही कामाचा असतो. नुसता रात्री घातला तर महिने जातात आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहतं. कढत पाण्याने ॲक्रिलिक वाकतं. जिभेने उचकटत राहिलं की क्लॅस्प, म्हणजे दात पकडणाऱ्या तारेच्या कड्या, सैल होतात. आणि कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला ब्लॉक कचऱ्यात जातो, हमखास! प्लेट रुंद करणारा मधला स्क्रू असेल तर पाव फेरा म्हणजे सुमारे 0.25 मिमी, एखाद्या वेळी फिरवायचा राहिला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट फिरवू नये.

हर्बस्टमध्ये दोन्ही बाजूंना एकेक नळी आणि तिच्यात सरकणारी दांडी. मोठी जांभई दिली की दांडी निसटते. परत बसवायला तोंड पूर्ण उघडायचं, दांडी नळीच्या तोंडाशी धरायची, मग हळूच मिटायचं. वारंवार निसटत असेल तर दांडी आखूड पडते आहे, ती बदलून घ्यावी. गाल सोलवटला तर वॅक्स लावावं. खरा धोका वेगळाच आहे : बँडखालचं, म्हणजे दाढेभोवतीच्या धातूच्या कड्याखालचं, सिमेंट सुटतं, दुखत मात्र काहीच नाही, आणि आत अन्न साचून दाढ किडायला लागते. ब्रश करताना बँड बोटाने हलवून पाहावा.

2003 साली ब्रिटनमधल्या 215 मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जबडा आणि दातांच्या निकालात दोन्हींत विशेष फरक नव्हता. पण ट्विन ब्लॉकचे उपचार अर्धवट सोडणारे 33.6 टक्के, हर्बस्टचे 12.9. मोडतोडीमुळे दवाखान्याच्या फेऱ्या मात्र हर्बस्टच्याच जास्त. म्हणून मूल स्वतःहून घालणारं असेल तर ट्विन ब्लॉक. रोज मागे लागावं लागणार असेल तर सरळ हर्बस्ट.

दोन्हींत खालचे पुढचे दात थोडे बाहेर झुकतात, म्हणजे मिळालेला सगळा फरक जबड्याचा नसतो. ट्विन ब्लॉकनंतर बाजूच्या वरच्या-खालच्या दातांत फट राहिली तर वरचा ठोकळा थोडाथोडा घासून खालच्या दाढांना वर यायला जागा करतात. हे काम डॉक्टरांचंच. घरी कानस लावू नये.