राजारामपुरीत घेतलेली एचआयव्हीच्या आवरण-प्रथिनाची प्रतिकृती
एम.एस्सी.च्या वर्गासाठी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून घेतलेली ही प्रतिकृती मला मनापासून आवडली. या प्रथिनाचा बाहेरचा भाग असलेल्या जीपी१२०चे तिन्ही घटक हाताने सुटे करता येतात आणि ते सीडी४ला, म्हणजे आपल्या पेशीवरच्या ग्राही प्रथिनाला, जोडले, की सीसीआर५ या पेशीवरच्याच दुसऱ्या ग्राहीला चिकटणारी जागा कशी उघडी पडते, हे विद्यार्थ्यांना स्वतः फिरवून पाहता येते. फळ्यावरच्या आकृतीतून हे समजावताना दमछाक होते. विषाणूच्या पटलात रुतलेला जीपी४१चा भाग मात्र ताठ आहे. प्रत्यक्षात तो दुमडून विषाणूचे आणि पेशीचे पटल एकत्र ओढतो, आणि २००३ साली मान्यता मिळालेले एन्फुव्हिर्टाइड हे औषध नेमके तिथेच आडवे येते, त्यामुळे ही उणीव खटकते. पेशीतल्या फ्युरिन या विकराने जीपी१६० हे मूळ अखंड प्रथिन कापून जीपी१२० आणि जीपी४१ वेगळे केल्याखेरीज विषाणू संसर्गक्षम होत नाही. त्या छेदाची खूणही दुकानदारांनी जरूर घालावी.