शिसं सोडून तांबं: .308 च्या शिकारी गोळीचा चौदा महिन्यांचा अनुभव

चौदा महिने झाले, माझ्या .308 (गोळीचा व्यास, इंचांत) रायफलीत मी फक्त तांब्याच्या गोळ्या वापरतोय. एवढ्या काळात सहा रानडुकरं आणि काळ्या शेपटीचं एक हरीण मिळालं. सगळी शिकार कॅलिफोर्नियातली, बहुतेक माँटरे काउंटीतल्या ओकच्या टेकड्यांवर, रँचच्या मालकाला विचारून आणि रीतसर परवाना काढून. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. त्यामुळे हे लिहितोय ते इकडे अमेरिकेत परवाना घेऊन रानात जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी. अशी माणसं थोडी आहेत, पण गोळीबद्दल मराठीत विचारायला कुणी सापडत नाही, ही अडचण मी स्वतः अनुभवली आहे.

आधी टेक्सासला होतो तेव्हा 150 ग्रेनची साधी गोळी वापरायचो. आत शिसं, वर तांब्याचं पातळ कवच, टोकाला शिसं उघडं. (ग्रेन हे गोळीचं वजन. 150 ग्रेन म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅम.) काम चोख करायची. सावजात शिरली की फुलायची, फुटायची आणि डुक्कर बहुतेक वेळा जागीच बसायचं. तक्रार होती ती मांसाची. पुढचा फरा (खांद्याचा भाग) रक्ताळून काळानिळा व्हायचा, दोन-अडीच किलो मांस टाकून द्यावं लागायचं. उरलेल्याचा खिमा करायचो. एकदा जेवताना लेकीच्या दाताखाली काहीतरी कचकन आलं. तिने बोटावर काढून दाखवलं तर करड्या रंगाचा, ज्वारीच्या दाण्याहून लहान कण. शिसं. जखमेपासून वीतभर लांबचं मांस घेतलं होतं, तरीही.

त्यानंतर वाचायला लागलो. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तो खिमा टाकून द्या असं तिथल्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं. शिशाची गोळी वेगात हाडावर आपटली की तिचा चुरा होतो. एक्स-रेमध्ये हा चुरा जखमेभोवती दूरवर भुरभुरल्यासारखा दिसतो. हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर माझ्या मते पुढचा विचार करायलाच नको.

कॅलिफोर्नियात आलो तेव्हा प्रश्न कायद्यानेच सोडवलेला होता. 2013 च्या कायद्यानुसार 1 जुलै 2019 पासून इथे कोणत्याही शिकारीला शिशाचा दारूगोळा चालत नाही. कारण काँडोर. हे इथलं प्रचंड गिधाड 1982 मध्ये सगळे मिळून 22 उरले होते. शिकार करणारा माणूस जनावर तिथेच सोलतो, आतडी टाकून जातो, त्यातला शिशाचा चुरा या पक्ष्यांच्या पोटात जातो. आमचं गाव म्हसळ्याजवळ. चिरगावची पांढऱ्या पाठीची गिधाडं लहानपणी पाहिलेली. ढोरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने देशभर गिधाडं कशी मेली हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. विष वेगळं, पण वाट तीच, मेलेल्या जनावरातून पोटात. पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पंखावर नंबराचा बिल्ला लावलेला काँडोर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चिरगावचं गिधाडांचं झाड आठवलं.

आता मुख्य मुद्दा, निवडीचा. आधीच्या सवयीने मी दुकानातून 180 ग्रेनचा खोका उचलला. मोठं डुक्कर, म्हणून जड गोळी, हा हिशेब. तांब्याच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तांबं शिशापेक्षा हलकं. घनता शिशाची 11.3, तांब्याची जेमतेम 9. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळी हवेत सरळ राहायला नळीत पीळ (गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) जास्त लागतो. माझी रायफल जुनी, 12 इंचांत एक फेरा देणारी. 100 यार्डांवर 180 ग्रेनच्या तीन गोळ्या साडेतीन इंचांत पसरल्या. 150 वर आलो तर दोन इंच. 130 ग्रेनच्या तीन गोळ्या सव्वा इंचात बसल्या. हे तुमच्या बंदुकीत वेगळं येईल, पण नळीचा पीळ किती हे बघितल्याशिवाय खोका उचलू नका.

130 हलकी वाटते, मलाही धाकधूक होती. पण शिशाच्या गोळीचं वजन आत शिरता शिरता फुटून कमी होतं, म्हणून तिथे वजन जास्तीचं घ्यावं लागतं. तांब्याची गोळी टोकाकडे पाकळ्यांसारखी उमलते आणि बाकी सगळी एकसंध राहते. हलकी असल्याने सुटतेही वेगात, आणि तिला उमलायला वेग लागतोच. वेग फार कमी झाला की ती न उमलता आरपार जाते आणि सुईसारखं भोक पाडते.

रानातला धडा तिसऱ्या डुकराला मिळाला. साधारण 140 यार्ड, आडवी उभी असलेली डुकरीण. जुन्या सवयीने मी फऱ्यामागे, बरगड्यांत बार टाकला. ती नुसती दचकली आणि झाडोऱ्यात शिरली. 170 पावलं माग काढावा लागला, तोही अंधार पडत असताना. सापडली तेव्हा दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेली, पण मध्ये हाड न लागल्याने जखम अरुंद. शिशाच्या गोळीने तीच जागा साधली असती तर इतकी लांब गेली नसती, हे मान्य केलं पाहिजे. ती पळाली तेवढा वेळ तिला त्रास झाला आणि ते मनाला लागलं. तेव्हापासून नेम फऱ्याच्या हाडावरच धरतो, उंचीच्या मध्यावर. पुढची तीनही डुकरं पंधरा-वीस पावलांत पडली. शिवाय फरा पूर्वीसारखा नासत नाही. भोकाभोवतीचं बोटभर मांस काढलं की बाकी पातेल्यात.

शेवटचं डुक्कर थोराड नर होतं. अशा नराच्या खांद्यावर चिवट तंतूंची जाड ढाल असते, अंगठ्याएवढी. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची. ते म्हणायचे, "नराच्या खांद्याला तोंड देऊ नको, गोळी आतच राहील." या नराला 90 यार्डांवरून 130 ग्रेनची गोळी ढालीतून, दोन्ही फऱ्यांतून गेली आणि पलीकडच्या कातडीखाली थांबली. काढून घरच्या काट्यावर तोलली, 127 ग्रेन. चारही पाकळ्या जागेवर.

खर्चाचं सांगायचं तर वीस काडतुसांचा शिशाचा खोका मला तीसेक डॉलरला पडायचा, तांब्याचा पंचावन्नच्या पुढे. वर्षात मी रानात डझनभर गोळ्या झाडतो, त्यामुळे खिशाला फार जाणवत नाही. सरावाला मात्र जड जातं. नेमबाजीच्या रेंजवर शिसं चालत असेल तर रोजचा सराव शिशाने करा, पण शिकारीआधी तांब्याच्या निदान दहा गोळ्या मारून स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) नेम पुन्हा जुळवून घ्या. माझ्याकडे दोन्हींच्या नेमात 100 यार्डांवर अडीच इंचांचा फरक होता. शिशावरून तांब्यावर येताना नळी आतून नीट साफ केली, तेव्हा कुठे गोळ्या एका जागी पडायला लागल्या. आधी दोन खोके उगाच वाया घालवले.

लष्करी पद्धतीच्या, टोक न उमलणाऱ्या स्वस्त गोळ्यांचा मोह धरू नका. मोठ्या सावजाला त्या इथे कायद्याने चालत नाहीत आणि जनावर जखमी होऊन तडफडतं. मांस डुकराचं असेल तर आतपर्यंत शिजवा, गोळी कुठलीही असो.

200 यार्डांपलीकडे मी अजून बार टाकलेला नाही. या ऑगस्टमध्ये हरणाचा हंगाम उघडला की 150 ग्रेनचा उरलेला खोका रेंजवर 250 ला मारून बघणार आहे, मगच 130 की 150 हे लांबच्या टेकडीसाठी ठरवेन.