'बसतंय की!' म्हणून बसवलेला ब्रॅकेट आणि नंतरचे आठ महिने

माझी गाडी १९८१ ची मर्सिडीज २४० डी. घरी आली तेव्हा पॉवर स्टिअरिंगचा पंप होता, तो फिरवणारा बेल्ट नव्हता, आणि पंप धरणारा ब्रॅकेट कुणीतरी लोखंडी पट्टी वाकवून, वेल्डिंग मारून केलेला. या मॉडेलला पॉवर स्टिअरिंग सरसकट मिळू लागलं ते सप्टेंबर १९८२ पासून. त्याआधी जादा पैसे मोजून घ्यावं लागे. म्हणजे माझ्या गाडीत ते मुळातलं की मागाहून चढवलेलं, इथूनच घोळ.

सांगलीच्या शंभर फुटी रोडवरचे आमचे फिटर म्हणाले, "ट्रॅक्सचं इंजिन हेच की मालक. भंगारातनं एक आणतो." इंजिनाचं बोलणं खोटं नव्हतं. २४० डी मधलं मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बजाज टेम्पोने इथे परवान्यावर बनवलं, त्यांची ट्रॅक्स ही जीपसारखी गाडी त्याच घराण्याच्या इंजिनावर चालली. ब्रॅकेट आला, तिन्ही बोल्ट गेले. "बसतंय की!"

तीन आठवड्यांत बेल्टची एक कड कुरतडलेली, बॉनेटच्या आत काळी भुकटी. दुसरा बेल्टही तसाच गेला. मग एकदाची स्टीलची पट्टी क्रँकच्या, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनाच्या पुलीवर टेकवली, तर पंपाची पुली चार मिलिमीटर पुढे! वायसर घालून पाहिले, पण त्याने बोल्टाची आट्यांतली पकड कमी झाली आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, अख्खा पंप थरथरायला लागला. डिझेलची चार सिलिंडर, ती काय गप्प बसतात होय?

बोल्ट बसले म्हणजे ब्रॅकेट बरोबर, हे डोक्यातून काढायला मला दोन बेल्ट लागले. दोन्ही पुल्या एका ओळीत येऊन बेल्टची रेघ जुळली तरच तो बरोबर.

दुसऱ्या खेपेला आधी गाडीची पाटी वाचली. चासी नंबरात १२३.१२३ म्हणजे २४० डी, १२३.१३० असेल तर ती ३०० डी, तिचं इंजिन पाच सिलिंडरचं, ओएम ६१७. इंजिनाचा नंबर ६१६.९१२ ने सुरू होतो का तेही बघा, कारण आपल्याकडे इंजिनं बदललेल्या गाड्या ढिगाने आहेत. मर्सिडीजच्या पार्ट नंबरातले पहिले तीन आकडे तो भाग मुळात कुठल्या इंजिनासाठी किंवा बॉडीसाठी काढला ते सांगतात. मात्र ६१५ दिसलं म्हणून लगेच फेकू नका. ६१५, ६१६, ६१७ ही एकाच घरातली भावंडं, आणि जुन्याचा भाग नव्यात चालवलेला असतो. शिवाय ओतकामात उठलेला नंबर आणि कॅटलॉगमधला नंबर जुळेलच असं नाही. नंबर नुसता दारापर्यंत नेतो. पुढे पंप कुठल्या कंपनीचा, व्हिकर्सचा की झेडएफचा, त्याची भोकं कुठे, बेल्ट ताणायची लांबट खाच कुठल्या बाजूला, आणि क्रँकच्या पुलीला या बेल्टसाठी वेगळी खाच आहे का, हे हातात धरूनच बघायचं. फोटोवरून घेऊ नका. मी एकदा घेतला होता. तो विषय नको.

शेवटी कुर्ल्याहून जुना, ओतीव ब्रॅकेट साडेचार हजाराला आणला. त्याचा बुश, म्हणजे आतली नळी, झिजलेला होता, तो कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याने अर्ध्या तासात करून दिला, वर चहाही पाजला.

तेव्हापासून आठ महिने, साधारण ३,२०० किलोमीटर. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर बेल्ट एकदा ताणला, पुन्हा हात लावलेला नाही. बेल्टची कड अजून शाबूत. गणपती पेठेत हातगाड्यांच्या मधून गाडी उलटी काढताना पूर्वी खांदे भरून यायचे, आता बायकोही चालवते. पन्हाळ्याला चढतानाही कुरकूर नाही. पावसाळ्यात सकाळी सुरू करताना बेल्ट दोन सेकंद किंचाळतो, मग गप्प. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं की कण्हण्याचा आवाज येतो, पण तो पंपाचा, ब्रॅकेटचा दोष नाही.

तक्रार एकच. खालच्या बोल्टापर्यंत साधा पाना पोचत नाही, दर सर्व्हिसला मनगट सोलून निघतं. तो बोल्ट दोनदा थोडा सैल सापडला, म्हणून आता त्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे. हलला की लगेच दिसतो.

ट्रॅक्सचा म्हणून दिलेला तो पहिला ब्रॅकेट माळ्यावर आहे. हवा असेल त्याने फुकट न्यावा. फक्त तो नक्की कशाचा आहे हे मला विचारू नये.